तबकड्यांचा तपास

(आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंचा तपास अमेरिकेच्या हवाई दलाने १९४८ ते १९६९ या काळात केला. या तपासात खगोलशास्त्राचे सल्लागार असलेले डॉ. जोसेफ ॲलन हायनेक यांचे हे चरित्र आहे. न कळलेल्या गोष्टीला घाईने नाव देऊ नये आणि सांगणाऱ्याची थट्टा करू नये, हे त्यांना अनुभवाने कसे उमगले, ते या पाठात सांगितले आहे.)

रमजानच्या एकोणतिसाव्या दिवसाची संध्याकाळ तुम्ही पाहिली आहे. मगरिबच्या सुमारास जळगावात, धुळ्यात, भुसावळात माणसे गच्चीवर चढतात. सगळ्यांचे डोळे पश्चिमेकडे लागलेले असतात. एवढ्यात कोणीतरी चंद्र दिसल्याचे सांगतो. पण तेवढ्याने ईद ठरत नाही. जाणती माणसे त्याला जवळ बसवून विचारतात. चंद्र नेमका कोठे दिसला? किती उंचीवर होता? त्याची टोके कोणत्या बाजूला होती? किती वेळ दिसला? बरोबर आणखी कोणी होते का? विचारणारे त्याला खोटारडा म्हणत नाहीत आणि ऐकल्याबरोबर मान्यही करीत नाहीत. ते साक्ष तोलून पाहतात.

आकाशात दिसलेल्या गोष्टींची साक्ष तोलण्याचे काम एका शास्त्रज्ञाने अनेक वर्षे केले. त्यांचे काम अधिक अवघड होते. चंद्र सर्वांच्या ओळखीचा असतो. त्यांच्याकडे येणारे लोक मात्र अनोळखी वस्तूंविषयी सांगत असत. त्या शास्त्रज्ञांचे नाव डॉ. जोसेफ ॲलन हायनेक.

हायनेक यांचा जन्म १ मे १९१० रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. त्यांचे आईवडील चेक वंशाचे होते. त्याच दिवसांत आकाशात हॅलेचा धूमकेतू आला होता. हा धूमकेतू साधारण ७६ वर्षांनी एकदा सूर्याजवळ येतो. या धूमकेतूची आठवण ठेवा. पाठाच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

लहानपणी हायनेक एकदा तापाने आजारी पडले. कित्येक दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. आई उशाशी बसून त्यांना पुस्तके वाचून दाखवी. मुलांची पुस्तके संपली, तेव्हा तिने खगोलशास्त्राचे एक शालेय पुस्तक हाती घेतले. त्या पुस्तकाने मुलाच्या मनात ताऱ्यांविषयी ओढ निर्माण केली. ती ओढ पुढे कधी कमी झाली नाही.

शिकागो विद्यापीठातून १९३१ साली ते पदवीधर झाले. यर्क्स वेधशाळेत अभ्यास करून १९३५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी ते ओहायो राज्य विद्यापीठात शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सरकारी संशोधनात होते. लक्ष्याजवळ पोहोचताच तोफगोळा आपोआप फुटावा, असे रेडिओ यंत्र तयार करण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. युद्ध संपले आणि ते पुन्हा आपल्या वर्गात आणि दुर्बिणीपाशी परतले. त्यांना वाटले असेल की आता आयुष्य ताऱ्यांच्या सोबतीने शांतपणे जाईल. पण तसे घडायचे नव्हते.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक वैमानिक अमेरिकेच्या पश्चिम भागात आपले लहान विमान चालवीत होता. रेनियर पर्वताजवळ त्याला नऊ चकचकीत वस्तू ओळीने उडताना दिसल्या. त्याच्या अंदाजाप्रमाणे त्यांचा वेग ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक होता. त्या काळी इतक्या वेगाने उडणारे विमान कोणाजवळ नव्हते. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी चालीचे वर्णन आकाराला लावले आणि उडत्या बश्यांची बातमी जगभर झाली. मराठीत आपण त्यांना उडत्या तबकड्या म्हणतो. थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतून तबकड्या दिसल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

लष्कराने या बातम्या गंभीरपणे घेतल्या. त्याचे कारण समजून घ्या. महायुद्ध नुकतेच संपले होते. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात संशयाचे वातावरण होते. आपल्या आकाशात शत्रूचे एखादे नवे अस्त्र तर फिरत नाही ना, ही लष्कराची मुख्य काळजी होती. परग्रहावरच्या पाहुण्यांचा प्रश्न त्यानंतरचा होता. म्हणून १९४८ च्या आरंभी हवाई दलाने ओहायो राज्यातील डेटन शहराजवळच्या आपल्या तळावर तपासाचे काम सुरू केले. या कामाला ‘साइन’ असे सांकेतिक नाव दिले गेले.

तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक अडचण आली. येणाऱ्या बातम्यांपैकी पुष्कळ बातम्या तारे, ग्रह आणि उल्का यांच्याविषयी असाव्यात, असा त्यांना संशय होता. पण ते ओळखणार कोण? जवळच्या विद्यापीठात हायनेक होते. अधिकाऱ्यांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. हायनेक यांना हे तबकड्यांचे वेड म्हणजे काही दिवसांची लाट वाटत होती. तरीही त्यांनी काम पत्करले.

त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक नोंदीतील तारीख, वेळ, ठिकाण आणि दिशा ते पाहत. त्या वेळी, त्या दिशेला आकाशात कोणता ग्रह होता, कोणता तेजस्वी तारा उगवत होता, उल्कावर्षावाचे दिवस होते काय, याचा हिशेब ते मांडत. अनेक तबकड्या म्हणजे शुक्र ग्रह निघाला. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला शुक्र दिव्यासारखा झळकतो. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिले, तर तो हलल्यासारखा भासतो. आपण गाडीत असलो, तर तो आपल्याबरोबर धावतो असे वाटते. जळगावहून धुळ्याला रात्री एस.टी.ने जाताना चंद्र सोबत येतो, हे तुम्हीही पाहिले असेल. पाहणारा खोटे बोलत नसतो. डोळा त्याला फसवतो.

पण हिशेब करणाराही चुकू शकतो. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात एक मोठी चकचकीत वस्तू आकाशात दिसली. कॅप्टन थॉमस मँटेल आपले लढाऊ विमान घेऊन तिच्या मागे वर वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूची सोय नव्हती. खूप उंचीवर हवा विरळ असते. तेथे त्यांची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळले आणि मँटेल मरण पावले. ती वस्तू म्हणजे शुक्र असावा, असा खुलासा तेव्हा पुढे आला. हायनेक यांनीही आरंभी ही शक्यता मांडली होती. परंतु भर दिवसा शुक्र इतका मोठा आणि ठळक कसा दिसेल? पुढे असे लक्षात आले की ती वस्तू बहुधा नौदलाचा एक प्रचंड फुगा होती. फार उंचावरच्या हवेचा अभ्यास करण्यासाठी असे फुगे गुप्तपणे सोडले जात. तपास करणाऱ्या हवाई दलालाही त्यांची माहिती नव्हती. एका खात्याचे गुपित दुसऱ्या खात्याला ठाऊक नव्हते, आणि ग्रहावर खापर फोडले गेले होते.

१९४९ साली तपासाचे नाव बदलून ‘ग्रज’ झाले. नव्या कामाचा रोख वेगळा होता. प्रत्येक बातमी कशी खोटी किंवा क्षुल्लक ठरेल, याकडे अधिक लक्ष दिले गेले. १९५२ च्या मार्च महिन्यात पुन्हा नाव बदलले. आता ते ‘ब्ल्यू बुक’ झाले. त्याचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हे कष्टाळू अधिकारी होते. त्यांनी साक्षीदारांना विचारायच्या प्रश्नांचा नमुना तयार करवून घेतला. तबकडी या शब्दाऐवजी अज्ञात उडती वस्तू असे म्हणण्याची प्रथाही त्यांच्यामुळे रूढ झाली. तबकडी म्हटले की आकार आधीच ठरून जातो. अज्ञात म्हटले की विचाराला जागा राहते.

त्या एकाच वर्षी हवाई दलाकडे १,५०१ नोंदी आल्या. जुलै महिन्यात तर खुद्द राजधानी वॉशिंग्टन येथे खळबळ उडाली. दोन शनिवारच्या रात्री विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले. काही वैमानिकांना आकाशात दिवेही दिसले. लढाऊ विमाने पाठवली गेली. पण ती पोहोचली की ठिपके नाहीसे होत.

२९ जुलै १९५२ रोजी हवाई दलाने पत्रकारांना बोलावून हवेच्या थरांचे कारण दिले. ते समजायला आपल्या खानदेशातला उन्हाळा आठवा. भर दुपारी डांबरी रस्त्यावर पुढे पाणी साचलेले दिसते. जवळ गेले की रस्ता कोरडाच असतो. तापलेल्या रस्त्यालगतच्या गरम हवेतून जाताना प्रकाश वाकतो, म्हणून हे मृगजळ दिसते. वॉशिंग्टनच्या आकाशात याच्या उलट स्थिती होती. खाली थंड हवा आणि तिच्यावर गरम हवेचा थर होता. अशा वेळी रडारच्या लहरी वाकून जमिनीकडे वळू शकतात. मग जमिनीवरची वस्तू पडद्यावर आकाशात असल्यासारखी दिसते. पुष्कळांना हे कारण पटले. ज्यांनी त्या रात्री रडारवर काम केले होते, त्यांतील काहींना ते पटले नाही.

१९५३ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या शास्त्रज्ञांची एक समिती बसवली. समितीने काही दिवसांतच निर्णय दिला. या वस्तूंपासून देशाला धोका नाही. मात्र लोकांच्या बातम्यांची गर्दी झाली, तर शत्रूचा खरा हल्ला ओळखणे कठीण जाईल. म्हणून लोकांचे या विषयातले कुतूहल कमी करावे, असा सल्ला समितीने दिला. हायनेक तेथे हजर होते. इतक्या थोड्या वेळात इतका मोठा निर्णय व्हावा, हे त्यांच्या मनाला लागले. पण त्यांनी उघड विरोध केला नाही.

त्यांच्या मनात बदल होऊ लागला होता, त्याचे आणखी एक कारण होते. १९५२ साली त्यांनी चाळीसहून अधिक खगोलशास्त्रज्ञांशी या विषयावर बोलणे केले होते. त्यांतील पाच जणांनी स्वतःही काहीतरी न उलगडणारे पाहिले होते. पण लोक हसतील, या भीतीने शास्त्रज्ञ अशा गोष्टी बोलून दाखवीत नव्हते. हायनेक विचारात पडले. शास्त्रज्ञच हसण्याला भितात, तर शेतकऱ्याने आणि शिपायाने काय करावे?

आकाशातून दगड पडतात, हे सांगणाऱ्यांनाही एके काळी युरोपातील विद्वान हसत असत. १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल गावाजवळ दगडांचा वर्षाव झाला. बिओ नावाच्या शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड गोळा केले आणि मग विद्वानांना ते मानावे लागले. आपल्या खानदेशातही असे घडले आहे. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरजवळ, माणेगाव येथे आकाशातून दगड पडला. गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले ते सांगितले आणि त्यांची जबानी लिहून घेतली गेली. माणेगावचा तो अशनी आज जगभरातील अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या जातीचे दगड वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून आले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. गावकऱ्यांना खुळे ठरवून परत पाठवले असते, तर ही नोंद आपल्या हाती आली नसती.

१९५६ साली हायनेक यांच्याकडे आणखी एक जबाबदारी आली. मानवाने बनवलेला उपग्रह लवकरच आकाशात जाणार होता. त्याचा मागोवा घेण्यासाठी स्मिथसोनियन संस्थेच्या वेधशाळेने जगभर बारा ठिकाणी मोठे कॅमेरे बसवण्याचे ठरवले. या कामाचे प्रमुख हायनेक होते. या बारा ठिकाणांत आपल्या देशातील नैनिताल होते आणि हाफिज व सादी या कवींचे शिराजही होते. कॅमेरे पुरते तयार होण्याआधीच ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. दुर्बिणी घेतलेल्या हौशी लोकांच्या तुकड्यांनी त्या दिवसांत मोलाची मदत केली. नीट शिकवले, तर सामान्य माणूसही आकाशाचे अचूक निरीक्षण करतो, याचा पुरावाच हायनेक यांना मिळाला. १९६० साली ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. हवाई दलाचे काम चालूच होते.

१९६४ च्या एप्रिल महिन्यात न्यू मेक्सिको राज्यातील सोकोरो येथे एका पोलिसाने अंड्यासारखी वस्तू जमिनीवरून उठून आगीच्या लोटासह उडाल्याचे सांगितले. हायनेक तेथे गेले. त्यांनी जळलेली झुडपे आणि जमिनीवरचे ठसे पाहिले. तो पोलीस त्यांना सरळ आणि भरवशाचा माणूस वाटला. ती नोंद हवाई दलालाही अज्ञात म्हणूनच ठेवावी लागली.

मग १९६६ सालचा मार्च महिना आला. मिशिगन राज्यात दलदलीच्या जागांजवळ रात्री चमकते दिवे दिसले. एका कॉलेजच्या वसतिगृहातून ऐंशीहून अधिक मुलींनी ते पाहिले. सगळीकडे घबराट पसरली. हायनेक तातडीने तेथे गेले. हवाई दलाला उत्तर लवकर हवे होते. २५ मार्च रोजी पत्रकारांनी खचाखच भरलेल्या दालनात त्यांनी आपला अंदाज सांगितला. दलदलीत पालापाचोळा कुजतो, त्यातून वायू निघतो आणि कधी कधी तो पेटून मंद दिवे दिसतात. आपल्याकडे जुनी माणसे ज्याला आग्या वेताळ म्हणत, तोच हा प्रकार. हा खुलासा फक्त दोन प्रसंगांपुरता आहे आणि तो सिद्ध झालेला नाही, असेही त्यांनी बजावले होते.

वर्तमानपत्रांनी मात्र एवढेच उचलले की इतक्या लोकांनी दलदलीचा वायू पाहिला. दुसऱ्या दिवसापासून देशभर हायनेक यांची थट्टा सुरू झाली. त्यांच्यावर व्यंगचित्रे निघाली. ज्या लोकांनी दिवे पाहिले होते, ते दुखावले गेले. आपल्याला मूर्ख ठरवले, असे त्यांना वाटले. मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. हेच फोर्ड पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

हायनेक यांच्या आयुष्यातला हा कठीण काळ होता. ते मनात आणते, तर सारा दोष पत्रकारांवर टाकून मोकळे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. गेली अठरा वर्षे आपण उत्तरे शोधण्यापेक्षा उत्तरे पुरवण्याची घाई केली, हे त्यांना उमगले. ५ एप्रिल १९६६ रोजी ते संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. या विषयाचा अभ्यास लष्कराबाहेरच्या शास्त्रज्ञांनी मोकळेपणाने करावा, असे त्यांनी तेथे सांगितले.

त्याच वर्षी हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाकडे हे काम सोपवले. डॉ. एडवर्ड कॉन्डन त्याचे प्रमुख होते. त्यांचा अहवाल १९६९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. या विषयावर आणखी मोठा खर्च करून विज्ञानाला फारसा लाभ होणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मान्य केला. हायनेक यांनी केला नाही. त्याच अहवालात कित्येक प्रसंग उलगडलेले नव्हते, याकडे त्यांनी बोट दाखवले. १७ डिसेंबर १९६९ रोजी हवाई दलाने ब्ल्यू बुक बंद केल्याचे जाहीर केले. १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदी जमा झाल्या होत्या. त्यांपैकी ७०१ नोंदी अखेरपर्यंत अज्ञात राहिल्या. कोणत्याही नोंदीत देशाला धोका आढळला नाही आणि परग्रहावरील यानाचा पुरावा मिळाला नाही, असे हवाई दलाने सांगितले.

हा आकडा नीट समजून घ्या. अज्ञात म्हणजे परग्रहावरून आलेले असे नव्हे. अज्ञात म्हणजे न कळलेले. कोणी घाईने त्याला यान म्हणतो, कोणी घाईने त्याला शुक्र म्हणतो. दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात. हायनेक यांचे म्हणणे एवढेच होते की न कळलेले ते न कळलेले म्हणून लिहून ठेवावे आणि शोध चालू ठेवावा.

हवाई दलाचे काम संपल्यावर त्यांनी ते स्वतः सुरू ठेवले. १९७२ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नोंदींची वर्गवारी केली. दूरवरून दिसलेल्या वस्तूंचे तीन गट केले: रात्रीचे दिवे, दिवसा दिसलेल्या तबकड्या, आणि डोळ्यांना व रडारलाही दिसलेल्या वस्तू. सुमारे दीडशे मीटरच्या आत दिसलेल्या वस्तूंचे आणखी तीन प्रकार केले. पहिल्यात वस्तू नुसती दिसते. दुसऱ्यात ती जमिनीवर किंवा झाडांवर खूण ठेवून जाते. तिसऱ्यात तिच्याजवळ कोणी सजीव दिसल्याचे सांगितले जाते. १९७३ साली त्यांनी या विषयाच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन केले.

या वर्गवारीतील तिसऱ्या प्रकाराचे नाव घेऊन स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १९७७ साली ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ हा चित्रपट काढला. हायनेक त्याचे सल्लागार होते. शेवटच्या प्रसंगात ते क्षणभर पडद्यावरही दिसतात. या चित्रपटात भारतातला एक प्रसंग आहे. शेकडो माणसे एकाच वेळी आकाशाकडे बोट दाखवतात. तो प्रसंग आपल्या महाराष्ट्रातच, खालापूरजवळच्या हाळ या गावी चित्रित झाला होता. पुढच्या वर्षी, १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये, हायनेक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे हा विषय मांडला.

उतारवयातील त्यांची काही मते इतर शास्त्रज्ञांना पटली नाहीत. ते नको तितका विश्वास ठेवतात, असे काही म्हणत. त्यांनी टीका ऐकून घेतली आणि काम सोडले नाही. तबकड्यांचे कोडे त्यांच्या हयातीत सुटले नाही. २७ एप्रिल १९८६ रोजी ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे त्यांचे निधन झाले. त्याच दिवसांत हॅलेचा धूमकेतू पुन्हा आकाशात आला होता. एका धूमकेतूच्या दोन भेटींच्या मधे एक आयुष्य पूर्ण झाले.

त्यांच्यानंतर काही गुपिते उघड झाली. १९४७ साली रॉसवेल येथे सापडलेले तबकडीचे म्हटलेले तुकडे ‘मोगल’ नावाच्या गुप्त योजनेतील फुग्यांचे होते, असे हवाई दलाने १९९४ साली सांगितले. रशियाच्या अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठी ते फुगे सोडले होते. फार उंचावरून उडणाऱ्या यू-२ या हेरगिरीच्या विमानांमुळेही अनेक नोंदी झाल्या असाव्यात, असे अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने नंतर प्रसिद्ध केले. साक्षीदारांनी खरोखरच काही पाहिले होते. ज्यांना ठाऊक होते, ते गप्प होते.

आपल्या देशातली हकीकतही ऐका. २०१२-१३ साली लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात सीमेवरच्या जवानांना आकाशात अनोळखी दिवे दिसू लागले. सहा महिन्यांत तीनशेहून अधिक नोंदी झाल्या. ही शेजारच्या देशाची टेहळणी तर नाही ना, अशी शंका आली. लष्कराने शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना तेथे बोलावले. त्यांनी वेळ आणि दिशा तपासून सांगितले की ते दिवे गुरू आणि शुक्र हे ग्रह होते. उंच पठारावरच्या निर्मळ हवेत ते फार तेजस्वी दिसत होते. येथे कोणी जवानांना हसले नाही. त्यांनी मन लावून नोंदी केल्या होत्या, म्हणूनच उत्तर सापडले.

मित्रांनो, एखाद्या रात्री तुम्हालाही आकाशात काही अनोळखी दिसेल. घाबरू नका आणि गावभर अफवाही पसरवू नका. वेळ पाहा, दिशा पाहा, बरोबरच्यांना दाखवा आणि वहीत लिहून ठेवा. मग जाणत्याला विचारा. उत्तर मिळाले तर आनंदच आहे. नाही मिळाले, तर ठाऊक नाही असे म्हणायला लाजू नका.

शब्दार्थ

तबकडी – बशीसारखी चपटी, गोल वस्तू
वेधशाळा – ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करण्याची जागा
सांकेतिक – खुणेचा, मोजक्या लोकांना कळणारा
खापर फोडणे – दुसऱ्याला दोष देणे
क्षुल्लक – किरकोळ
अशनी – आकाशातून जमिनीवर पडलेला दगड
मागोवा घेणे – माग काढणे
दलदल – चिखलाची, पाणथळ जागा
कानोसा घेणे – लक्ष देऊन ऐकणे
टेहळणी – लपून नजर ठेवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हायनेक यांना खगोलशास्त्राची गोडी कशी लागली?
(आ) माणेगाव येथे काय घडले?
(इ) ब्ल्यू बुकमधील किती नोंदी अज्ञात राहिल्या?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) अमेरिकेच्या लष्कराने तबकड्यांच्या बातम्या गंभीरपणे का घेतल्या?
(आ) मिशिगनच्या प्रसंगानंतर हायनेक यांना काय उमगले?
(इ) लडाखमधील दिव्यांचा उलगडा कसा झाला?

३. खुलासा, अहवाल, जाहीर हे शब्द उर्दूतही आहेत. मराठीत त्यांचा अर्थ थोडा निराळा आहे. दोन्ही भाषांतील अर्थ लिहा आणि प्रत्येक शब्दाचे मराठीत एक वाक्य करा.

४. उपक्रम – सलग सात संध्याकाळी पश्चिमेच्या आकाशाचे निरीक्षण करा. दिसलेल्या सर्वांत तेजस्वी वस्तूची वेळ, दिशा आणि उंची वहीत नोंदवा. ती वस्तू कोणती, हे विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा.